भातखाचरांतून अंगकोरकडे

बँकॉकहून अंगकोरची देवालये पाहावयास निघालेले बहुसंख्य प्रवासी विमानाने जातात. तासाभरात ते कंबोडियातील सिएम रीपला उतरतात, दुसऱ्या दिवशी पहाटे अंगकोर वाटच्या शिखरांमागे उगवणारा सूर्य पाहतात, आणि घनदाट अरण्यात कोणा अज्ञात सामर्थ्याने उभे केलेले एक एकाकी आश्चर्य आपण पाहिले, अशी समजूत घेऊन परततात. मी व माझे एक स्नेही यांनी हेच सुमारे चारशे किलोमीटरांचे अंतर तिसऱ्या वर्गाच्या आगगाडीने, मग पायी सरहद्द ओलांडून, आणि शेवटी वडापाच्या मोटारीत दाटीवाटीने बसून काटले. हा मार्ग पत्करण्याचे मूळ कारण काटकसर एवढेच होते, आणि त्या काटकसरीची किंमत शरीराने पुरेपूर मोजली. परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या त्या दगदगीत जे दृष्टीस पडले त्याने अंगकोरविषयीची आमची कल्पनाच पालटली, म्हणून तो मार्ग येथे क्रमाने सांगत आहे.

पूर्वेकडे जाणारी ही गाडी उजाडण्यापूर्वीच हुआ लाम्फोंग स्थानकातून सुटते. मारिओ तामान्यो या इटालियन वास्तुशिल्पीच्या आराखड्यावरून बांधलेले आणि १९१६ साली खुले झालेले हे स्थानक आपल्या विशाल कमानदार छपरासह आजही डौलाने उभे आहे. २०२३ च्या जानेवारीत लांब पल्ल्याच्या गाड्या शहराच्या उत्तरेकडील नव्या स्थानकात हलविल्या गेल्या, तरी पूर्वेकडच्या साध्या गाड्या अजून येथूनच निघतात. सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या प्रवासास पन्नास बाहतांहूनही कमी भाडे पडते. हे भाडे सरकारने हेतुपुरस्सर अल्प ठेवले आहे, आणि म्हणूनच शाळकरी मुले, रजेवर निघालेले शिपाई, राजधानीत मोलमजुरी करणारी खेड्यांतील माणसे व बाजारकरणी बाया या सर्वांची ती हक्काची गाडी झाली आहे. डब्यात उघड्या खिडक्या, छताला फिरणारे पंखे आणि समोरासमोर बाके. दाराजवळची काही आसने भिक्षूंसाठी राखून ठेवलेली, आणि कितीही गर्दी झाली तरी त्या आसनांकडे कोणी वळत नाही.

शहराबाहेर पडण्यास गाडीला बराच वेळ लागतो. मक्कासानपर्यंत रुळांना अगदी खेटून उभी असलेली पत्र्याची घरे आणि त्यांच्यामागे आकाशात चढत गेलेले काचेचे मनोरे असे दोन जगांचे सान्निध्य दिसत राहते. मग घरे विरळ होतात, कालव्यांचे जाळे सुरू होते, आणि पाण्याच्या दुतर्फा नारळ, केळी, कोळंबीची तळी व भाताची खाचरे पसरत जातात. हा सारा मुलूख माणसाने पाण्यावर ताबा मिळवून निर्माण केलेला आहे, आणि त्या पाण्याला राजकारणाचाही स्पर्श आहे. बँकॉकमधून निघून उत्तरेच्या बाजूने बांग पकाँग नदीकडे जाणारा साएन साएप हा कालवा सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत १८३७ साली खोदावयास घेतला, तो व्यापारासाठी नव्हे, तर कंबोडियावरील वर्चस्वासाठी व्हिएतनामशी चाललेल्या युद्धात सयामी फौजा व रसद पूर्वेकडे लवकर पोहोचावी म्हणून. ज्या दिशेने आमची गाडी जात होती, त्याच दिशेने शतकानुशतके सैन्ये गेली, आणि तिकडून युद्धबंदी म्हणून आणलेली माणसे याच प्रदेशात वसविली गेली.

छाचोएंगसाओ मागे पडल्यावर डब्यात न्याहारीची लगबग सुरू झाली. प्रत्येक स्थानकावर टोपल्या घेतलेल्या विक्रेत्या चढत आणि पुढच्या स्थानकावर उतरून परतीच्या गाडीची वाट पाहत. त्यांतील एका वृद्धेचे काम मी बराच वेळ न्याहाळत होतो. बांबूची कामटी उभी चिरून तिच्या चिमट्यात धरलेले निखाऱ्यावरचे कोंबडीचे तुकडे ती टोपलीतून काढी, चिकट भाताचा मूठभर गोळा केळीच्या पानात बांधी, लाल तिखटाच्या पाण्याची चिमुकली पिशवी रबराच्या कड्याने क्षणात आवळी, आणि चालत्या गाडीच्या हेलकाव्यांत एकदाही बाकाचा आधार न घेता पुढे सरके. आठ वाजता गाडी एका लहानशा स्थानकात उभी असताना फलाटावरच्या ध्वनिक्षेपकातून राष्ट्रगीत सुरू झाले, तेव्हा तीही हातातली पुडी तशीच धरून स्तब्ध उभी राहिली. फलाटावरचे हमाल आणि कारकून जागच्या जागी थांबले. सकाळी आठ व सायंकाळी सहा या दोन्ही वेळी देशभरातील स्थानकांत हा शिरस्ता पाळला जातो.

प्राचीनबुरी या जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत ऊन तापू लागले होते. या परिसरात द्वारवती संस्कृतीच्या काळातील सी महोसोत नामक प्राचीन नगराचे अवशेष आहेत. तेथे विष्णूच्या शिलामूर्ती सापडल्या आणि जवळच जांभ्या दगडात कोरलेली बुद्धाची विशाल पादचिन्हे उजेडात आली. परंतु समोरच्या बाकावरील एका शाळामास्तरांनी आमचे लक्ष वेधले ते त्यामानाने अगदी अर्वाचीन अशा एका वाड्याकडे. आज रुग्णालयाच्या आवारात पारंपरिक औषधींचे संग्रहालय म्हणून उभी असलेली ती युरोपीय धाटणीची दुमजली वास्तू १९०९ साली चाओ फ्राया अफाइफूबेत या सरदाराने बांधली. हा बाट्टाम्बाँगचा शेवटचा सयामी सुभेदार. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच्या घराण्याकडे तो सुभा वंशपरंपरेने चालत आला होता. परंतु २३ मार्च १९०७ च्या तहनाम्यान्वये सयामने बाट्टाम्बाँग, सिएम रीप व सिसोफोन हा मुलूख फ्रेंचांच्या हवाली केला, आणि सुभेदार कबिल्यासह सरहद्दीच्या अलीकडे येऊन स्थायिक झाला. १९०२ मध्ये बाट्टाम्बाँगला जन्मलेला त्याचा पुत्र खुआंग अफाइवोंग पुढे १९४४ मध्ये थायलंडचा पंतप्रधान झाला.

त्या तहनाम्याची कथा नीट समजल्याखेरीज या प्रवासाचा अर्थ लागत नाही. आज आपण निःशंकपणे कंबोडियाचे म्हणतो ते अंगकोर १९०७ पर्यंत सयामच्या अमलाखाली होते. पुढे १९४०-४१ साली, युरोपात फ्रान्सचा पाडाव झालेला पाहून, थायलंडने हिंदी-चीनमधील फ्रेंचांवर शस्त्र उगारले आणि जपानच्या मध्यस्थीने बाट्टाम्बाँग व लगतचा बराच मुलूख परत मिळविला. सिएम रीप शहर आणि अंगकोरची देवालये मात्र फ्रेंचांकडेच राहिली. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये हा मुलूख पुन्हा परत द्यावा लागला, आणि १९५३ मध्ये कंबोडिया स्वतंत्र झाला. म्हणजे १९०० साली सिसोफोनजवळ जन्मलेल्या एखाद्या शेतकऱ्याने आपले घर, आपले शेत आणि आपली भाषा यांतले काहीही न बदलता सयाम, फ्रान्स, थायलंड, पुन्हा फ्रान्स आणि अखेर स्वतंत्र कंबोडिया असे एकामागून एक पाच अंमल पाहिले.

काबिनबुरीनंतर भूमी किंचित उंचावते, कालवे संपतात, आणि ऊस, कसावा व निलगिरीचे मळे सुरू होतात. बाकाच्या कठीण पाठीने एव्हाना कंबर धरली होती, खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा होता, आणि डिझेलचा धूर व धूळ यांचा थर चेहऱ्यावर बसला होता. साकाएओ हा सरहद्दीवरचा जिल्हा लागला तेव्हा मला आदल्या दिवशी बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिलेली एक शिळा आठवली. ती याच जिल्ह्यातील स्दोक कोक थोम या देवालयाची. तिच्यावर अकराव्या शतकाच्या मध्यास, दुसऱ्या उदयादित्यवर्म्याच्या कारकिर्दीत, संस्कृत आणि कंबोडियाची ख्मेर अशा दोन भाषांत तीनशे चाळीस ओळी कोरलेल्या आहेत. त्यांत शिवकैवल्यापासून सदाशिवापर्यंतच्या एका राजपुरोहित घराण्याचा अडीच शतकांचा वृत्तांत आहे: इसवी सन ८०२ मध्ये महेंद्रपर्वतावर दुसऱ्या जयवर्म्याने केलेली देवराजाची प्रतिष्ठापना, तो विधी करणारा हिरण्यदामा नामक ब्राह्मण, आणि त्यानंतर राजामागून राजाने या घराण्यास दिलेली गावे, जमिनी, सेवक व बहुमान. मराठी वाचकाला हा दस्तऐवज मुळीच परका वाटणार नाही. आपल्याकडील एखाद्या वतनदार घराण्याने पेशवे दरबारी सादर केलेल्या कैफियतीचाच हा थोरला पूर्वज आहे. कुठली पडीक जमीन कोणी लागवडीस आणली, कोठे तळे बांधले, कोणत्या गावाचे उत्पन्न कोणत्या देवाकडे लावून दिले, हे त्यात आवर्जून सांगितले आहे. अंगकोर ही ज्याची राजधानी होती त्या ख्मेर साम्राज्याच्या इतिहासाचा हा अत्यंत मोलाचा लेख ज्या भूमीत उभा होता, ती भूमी आज थायलंडच्या हद्दीत आहे.

आणि याच भूमीने मानवी दुःखाची परिसीमाही पाहिली आहे. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियाचे लक्षावधी लोक उपासमारीने, अतिश्रमाने व हत्येने मृत्युमुखी पडले. १९७९ च्या आरंभी व्हिएतनामी फौजांनी ती राजवट उलथविल्यावर वाचलेल्यांचे लोंढे या सरहद्दीकडे लोटले. त्या वर्षीच्या जूनमध्ये थायलंडने चाळीस हजारांहून अधिक निर्वासितांना बसगाड्यांत भरून सरहद्दीवरील प्रेआ विहारच्या कड्यावर नेले आणि सुरुंग पेरलेल्या उतरणीवरून परत ढकलले. जगभर आक्रोश झाला, धोरण बदलले, आणि वर्षअखेरीस अरण्यप्रथेत या सरहद्दीजवळच्या गावाच्या उत्तरेस खाओ इ दांग ही छावणी उभी राहिली, जिच्यात काही महिन्यांतच लाखाहून अधिक माणसे आली. ती १९९३ मध्ये बंद झाली. अरण्यप्रथेतला गाडी पोहोचली तेव्हा दुपार झाली होती, आणि त्या शांत, झोपाळू स्थानकात या साऱ्याची एकही खूण दिसत नव्हती.

सरहद्द तेथून सहा-सात किलोमीटरांवर. नाक्याच्या अलीकडे रोंग क्लुएआ नावाचा अवाढव्य बाजार भरतो. जपान, कोरिया आदी देशांनी टाकून दिलेले कपडे, बूट व पिशव्या कंबोडियामार्गे येथे येत. त्यांचे ढीग उपसून, धुऊन, शिवून, इस्त्री करून ते थायलंडभर विकले जात, आणि हे काम करणारी माणसे प्रामुख्याने ख्मेर होती, जी रोज सकाळी परवाना दाखवून येत व नाका बंद होण्यापूर्वी परतत. या व्यापाराचा भार वाहत त्या लाकडी हातगाड्या. दोन मोठी चाके, पुढे दोन दांड्या, त्या दांड्यांमध्ये कमरेत वाकलेला एक पुरुष, छातीवर आडवा घेतलेला दोराचा पट्टा. मागून ढकलणाऱ्या दोन स्त्रिया, डोईला व तोंडाला चौकड्यांचे उपरणे गुंडाळलेल्या. आणि गाडीवर माणसाच्या दुपटीहून उंच बांधलेले गाठोड्यांचे शिखर. पुलाच्या चढावर एक गाडी क्षणभर थबकली, तेव्हा ढकलणारीने चपळाईने चाकाखाली विटेचा तुकडा सरकविला, तिघांनी श्वास घेतला, आणि कोणी काही न बोलता ती गाडी पुन्हा चालू लागली. त्यांच्यामागोमाग हाताच्या चाकांवर चालणाऱ्या तीनचाकीतून एक पाय गमावलेला मनुष्य साबणाच्या पेट्या नेत होता. १९८० च्या दशकात या सरहद्दीच्या बाजूने सुरुंगांचा पट्टा पेरला गेला होता, त्याचे परिणाम येथील लोक अजून अंगावर वागवीत आहेत.

नाल्यावरचा तो लहानसा पूल ओलांडला की अंगकोर वाटच्या शिखरांची प्रतिकृती मिरविणारी कंबोडियाची कमान समोर येते, आणि येथेच वाहनांना डावी बाजू सोडून उजवी धरावी लागते, कारण थायलंडमध्ये रहदारी डावीकडून चालते व फ्रेंच अमलाचा वारसा असलेल्या कंबोडियात उजवीकडून. त्याहून मोठा विस्मय म्हणजे, एका देशाची मोहर उमटल्यावर व दुसऱ्याची उमटण्यापूर्वी जी अरुंद पट्टी लागते, तिच्यावर आलिशान जुगारगृहांची रांग आहे. थायलंडच्या कायद्याने अशा जुगारगृहांना मज्जाव आहे आणि कंबोडियाच्या कायद्याने स्वतःच्या नागरिकांना त्यांत खेळण्यास बंदी आहे. या दोन मनाईहुकुमांच्या मधल्या फटीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हा धंदा फोफावला, आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः सरहद्दीपलीकडून येणारे थाई लोक होते. संगमरवरी पायऱ्यांवरून थंड हवेचा झोत येत होता आणि त्याच पायऱ्यांसमोरून त्या हातगाड्या जात होत्या. भर उन्हात, पाठीवर ओझे घेऊन, दोन देशांच्या दप्तरांपुढे आम्ही जितका काळ उभे राहिलो, तितका काळ हे दृश्य डोळ्यांसमोर होते. संपत्ती आणि कष्ट यांचे इतके निकट शेजारपण असूनही त्यांचा एकमेकांशी इतका अल्प संबंध असावा, याचे दुःख वाटले.

पोइपेट या सरहद्दीलगतच्या कंबोडियन गावाहून सिएम रीप सुमारे दीडशे किलोमीटर. वडापाच्या मोटारीत मागे चौघे, पुढे चालकाखेरीज दोघे, आणि सामानाची पेटी दोरीने बांधून अर्धवट उघडी, असा बेत असतो. थकव्याने डोके जड झाले होते, गुडघे पुढच्या आसनाला टेकले होते, तरी डोळे मिटवत नव्हते. सिसोफोनपासून पुढचा रस्ता एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही लाल मातीचा व खड्ड्यांचा होता. आता तो डांबरी आहे. रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांतून पेट्रोल विकले जाते, बांबूच्या नळीत नारळाच्या दुधात शिजवलेला भात मिळतो, आणि मोल बाहत, डॉलर वा रिएल यांपैकी कशातही चुकते करता येते. ख्मेर रूजने चलनच रद्द केले होते आणि मध्यवर्ती पेढी सुरुंगाने उडविली होती. रिएल १९८० मध्ये पुन्हा आला, आणि १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर डॉलर आला तो येथे स्थिरावला.

परंतु खरा विस्मय त्या सपाट भूमीचा होता. क्षितिजापर्यंत पिकत आलेले भात, बांधाबांधावर ताडाची एकटी-दुकटी झाडे, लाकडी खांबांवर उभारलेली घरे, त्यांच्या खाली हातमाग, गुरे आणि झोळीत निजलेली मुले, आणि प्रत्येक वस्तीपाशी कमळांनी भरलेले चौकोनी तळे. उजव्या हाताला, दृष्टीच्या पलीकडे, तोन्ले साप सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की सरोवराचे पाणी वाहून नेणारी नदीच उलटी वाहू लागते. उन्हाळ्यात सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर असलेला त्याचा विस्तार मग कित्येक पटींनी वाढतो, बुडालेल्या रानांत मासे पोसले जातात, आणि पाणी ओसरताना गाळ मागे राहतो. भात आणि मासळी ही दोन्ही ज्या मुलखात निसर्ग इतक्या मुक्तहस्ते देतो, तेथेच हजारो कारागिरांना वर्षानुवर्षे पोसून देवालये उभी करता येतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की अंगकोर म्हणजे काही देवळांचा समूह नसून, कालवे, बांध, तळी व शेते यांनी जोडलेली, सुमारे एक हजार चौरस किलोमीटरांवर विखुरलेली वसाहत होती. सिएम रीप जवळ आले तेव्हा दिवस मावळत होता. डावीकडे, रस्त्यापासून थोडा आत, अकराव्या शतकात बांधलेला पश्चिम बाराय हा तलाव आहे, आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरांहून अधिक रुंद, आणि त्याचे पाणी आजही शेतीस मिळते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस सातवा जयवर्मा या राजाने ख्मेर साम्राज्यातील राजमार्गांवर एकशे एकवीस विश्रामगृहे बांधली, असे अंगकोरच्या प्रेआ खान देवालयातील ११९१ च्या संस्कृत शिलालेखात नमूद आहे, आणि तेथीलच ता प्रोहम देवालयाचा ११८६ चा लेख एकशे दोन आरोग्यशाळा मोजतो. यांतील सतरा विश्रामगृहे अंगकोरहून वायव्येस, आज थायलंडात असलेल्या फिमाई देवालयाकडे जाणाऱ्या मार्गावर होती. त्या काळी तो मार्ग एकाच राज्यातून जात असे. चालून थकलेल्या वाटसरूला दर काही कोसांवर छप्पर व अग्नी मिळे, आणि मध्ये कोणी त्याचा परवाना पाहत नसे.

आमच्या प्रवासानंतर थायलंड व कंबोडिया यांच्यातील जुन्या सीमावादाने पेट घेतला, आणि २०२५ च्या जूनमध्ये पोइपेटचा हा नाका सामान्य रहदारीस बंद झाला. जुलैत दोन्ही फौजा पाच दिवस लढल्या, आणि सरहद्दीवरची लक्षावधी माणसे घरे सोडून निघाली. त्या हातगाड्या ओढणाऱ्यांचा रोजगार सर्वांत आधी बुडाला असणार, हे सांगावयास नको. विमानाने उतरणाऱ्यास अंगकोर हे एक सुटे आश्चर्य वाटते, कारण ज्या भाताने, ज्या पाण्याने आणि ज्या माणसांनी ते घडविले ती त्याच्या खालून निघून गेलेली असतात. वाचकांपैकी ज्यांना तेथे जाण्याचा योग येईल त्यांना एवढीच विनंती आहे की, नाका खुला असेल तर एक दिवस दगदग सोसावी आणि जमिनीवरून जावे. आणि तो बंद असेल तर सिएम रीपहून पश्चिमेकडे, सिसोफोनपर्यंत तरी, एकदा दिवसाउजेडी जाऊन यावे. देवालये त्यानंतर पाहावीत.